घर दुरुस्त करून विकताय? हिशोबातल्या या चुका टाळा

"बावीसला घेतला, एकोणतीसला दिला. सात लाख सुटले." सांगलीच्या विश्रामबागेतल्या चहाच्या गाड्यावर हे वाक्य मी किमान दहा जणांना ऐकवलं असेल. शामरावनगरमधला तळमजल्यावरचा टू बीएचके, माझा पहिलाच व्यवहार, आणि आठ महिन्यांत सात लाख! मग रिटर्न भरायची वेळ आली आणि सीएंनी कागद मागितले. एका रविवारी पिशवीभर पावत्या फरशीवर पसरून बसलो. दुपारपर्यंत सात लाखांचे एकसष्ट हजार झाले होते.

कुठे गेले ते आधी सांगतो. मुद्रांक शुल्क ६ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का मिळून १,५४,०००. वकील, सर्च रिपोर्ट (मालकीचे जुने कागद तपासून दिलेला अहवाल), टायपिंग १४,०००. दलाली घेताना एक टक्का आणि विकताना एक टक्का, म्हणजे ५१,०००. सोसायटीची हस्तांतर फी २५,०००. घरपट्टीची जुनी थकबाकी ११,०००. विसार देताना ती विचारायचं मला सुचलंच नव्हतं. दुरुस्ती २,८७,०००. बँकेच्या १२ लाखांवर साडेदहा टक्क्यांनी आठ महिन्यांचं व्याज ८४,०००. मेंटेनन्स आणि बंद घराचं लाइट बिल १२,८००. बेरीज मारा, ६,३८,८०० होते.

शिवाय माझे स्वतःचे जवळपास १६ लाख त्यात अडकले होते. ७ टक्क्यांच्या एफडीत तेवढ्या काळाचे ७५ हजारांच्या आसपास आले असते, तेही सिमेंटची धूळ न खाता. स्वतःच्या पैशाला व्याज न लावणं ही नवख्यांची सगळ्यात महागडी चूक, असं माझं मत आहे. बँकेचा हप्ता खात्यातून जाताना दिसतो, आपल्या पैशाचा तोटा दिसत नाही.

स्वस्त का मिळतंय, हे खर्चाच्या वहीत लिहा

शामरावनगरचा फ्लॅट स्वस्त होता, त्याचं कारण सांगलीकराला सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. मी बघायला गेलो ते फेब्रुवारीत. भिंती कोरड्या, नवा रंग, सगळं झकास. दुरुस्तीला २,२०,००० धरले आणि मोकळा झालो.

काम सुरू झाल्यावर मिस्त्रीनं बेडरूमच्या भिंतीवर हातोडीचा नुसता दांडा आपटला, तर रंगाखालून लोणा, म्हणजे ओलीनं भिंतीत धरलेला खार, भुरभुरत खाली आला. "साहेब, पुट्टीनं भागायचं न्हाई. छातीपातूर गिलावा काढायला लागतोय," तो म्हणाला. वायरमननं खालचा स्विचबोर्ड उघडला, तर आत कृष्णेचा वाळलेला गाळ. बोटानं खरवडला तर पापुद्रे निघाले. अख्ख्या फ्लॅटचं खालचं वायरिंग बदललं. राडारोडा न्यायला ट्रॉलीच्या चार खेपा झाल्या, त्यांचा खर्च तर अंदाजात नव्हताच. आता जुनं घर घेताना मिस्त्री आणि वायरमन दोघांना विसार देण्याआधी घेऊन जातो. त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी जाते, जाऊ दे.

स्वस्ताईची दुसरी बाजू कागदावर असते. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारनं त्या भागासाठी ठरवलेली) किंमत यांपैकी जास्त असेल तिच्यावर लागतं. पूरपट्ट्यातलं घर रेकनरपेक्षा कमीत मिळालं म्हणून हुरळू नका. फरक ५० हजारांच्या आणि किमतीच्या १० टक्क्यांच्याही वर गेला, तर तो फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागतो. घरातल्या बाईच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पैसा नवऱ्याचा असेल तर नफा मात्र नवऱ्याच्याच उत्पन्नात जातो.

महिने मोजताना पंचांग समोर ठेवा

माझं काम जूनमध्ये संपलं. पुढे पाऊस, आणि पावसात शामरावनगरचा तळमजला बघायला कोण येणार? मग पितृपक्ष. त्यात घर बघायला येणाराही "नंतर बोलू" म्हणून जातो. विसार मिळाला नवरात्रात, खरेदीखत ऑक्टोबर अखेर. कामाला चार महिने, गिऱ्हाइकाला चार महिने. रिकामा गेलेला प्रत्येक महिना मला व्याज, मेंटेनन्स आणि वीज मिळून बारा हजारांना पडला. सांगलीत हल्ली मी दहा महिने धरून हिशोब मांडतो आणि शक्यतो दिवाळीनंतर घेतो, म्हणजे माल पाडवा-अक्षय्य तृतीयेला तयार असतो.

वही आणि बँक जुळत नसेल तर

आधी उचल बघा. मिस्त्रीला आठवड्याला दिलेली उचल मी खर्चात लिहायचो, आणि शेवटी त्याचं पूर्ण बिल आलं की तेही लिहायचो. माझ्या वहीत अठरा हजार असे दोनदा पडले होते. उचलीचं पान वेगळं ठेवा, बिलातून वजा झाल्यावरच आकडा खर्चात न्या. त्यानंतर परत केलेला माल. टाइल्सचे तीन बॉक्स दुकानात परत गेले, पैसे पुढच्या बिलात वळते झाले आणि मी विसरलो. एवढं करूनही फरक राहिला तर बहुतेक तो घरच्या किराण्याचा असतो, कारण यूपीआय एकच! प्रत्येक घरासाठी वेगळं बचत खातं उघडा, हा घोळच मिटतो.

रोख दिलेल्या मजुरीची पावती लागते. साध्या व्हाउचरवर सही, कामाचं नाव, तारीख. घर २४ महिन्यांच्या आत विकलं तर नफा अल्पकालीन ठरून तुमच्या स्लॅबप्रमाणे कर बसतो. दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा मिळतो, पण सिद्ध करता आला तरच. मेंटेनन्स आणि घरपट्टी भांडवली नफ्यातून वजा होत नाही. वर्षाला दोन-तीन घरं फिरवू लागलात तर आयकर खातं त्याला धंदा मानू शकतं, तेव्हा हिशोबाची रीतच बदलते. दुसऱ्या घराचा विसार देण्याआधी सीएंना भेटा. आणि विकताना समोरचा "थोडे कॅश घ्या" म्हणाला तर २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका. जेवढी घ्याल तेवढाच दंड होऊ शकतो.

मिरजेत मध्यंतरी एक वन बीएचके बघितला. एजंट म्हणाला, "चार लाख कुठं गेले नाहीत." घरी येऊन दहा महिन्यांचा तक्ता भरला, स्वतःच्या पैशाचं व्याज धरलं. खाली चाळीस हजार उरले. एजंटाचा अजून फोन येतो.