गाडी मम्मीच्या नावावर घेतली की इन्शुरन्स खरंच स्वस्त पडतो का?

परवा राजारामपुरीत चहा पिताना पुतण्या म्हणाला, काका, गाडी मम्मीच्या नावावर घेऊया, बायकांना इन्शुरन्स कमी बसतो आणि मी एकवीसचा म्हणजे मला लई लावतील. हे त्याला कुठून कळलं तर अमेरिकेतल्या कुणाचातरी व्हिडिओ. तिकडं आहे तसं, बऱ्याच राज्यांत विशीतल्या पोराला चाळिशीतल्या माणसापेक्षा चांगलाच जास्त प्रीमियम पडतो. युरोपात तर पुरुष-बाई असा दर लावणं कोर्टानंच बंद केलं, २१ डिसेंबर २०१२ पासून. पण आपली पाटी कोल्हापूरची, एमएच ०९ ची, आपला हिशोब वेगळा.

आपल्याकडं प्रीमियम मुख्य करून गाडी बघून ठरतो, माणूस बघून नाही. पॉलिसीचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं केलेलं नुकसान, जो कायद्यानं घ्यावाच लागतो आणि त्याचा दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेले दर बघा, १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, त्यावर १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्याच्याही वर ७,८९७, वर १८ टक्के जीएसटी. यात वय नाही, बाई-पुरुष नाही, डॉक्टर की फौंड्रीतला फिटर हे पण नाही. नवीन गाडीला हा भाग तीन वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो, त्यामुळं शोरूममधला आकडा बघून दचकू नका.

दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान. इथं आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत, चोरीला गेली तर जास्तीत जास्त तेवढीच मिळते), सीसी, गाडी किती जुनी आणि झोन, म्हणजे गाडी कुठल्या शहरातली, हे बघतात. पुणे-मुंबई ए झोनमध्ये, कोल्हापूर बी मध्ये, म्हणजे तेवढं आपल्याला जरा बरं पडतं. २००७ पासून या भागाचे दर कंपन्या स्वतः ठरवतात, आणि वय, बाई-पुरुष, नोकरी घुसतात ती याच फटीतून. काही कंपन्या ठराविक वयाला, बायकांना, शिक्षकांना किंवा सरकारी नोकरदारांना थोडी सूट देतात, काही अजिबात विचारतच नाहीत. म्हणून तीन-चार ठिकाणचे कोट काढा, पण आयडीव्ही आणि ॲडऑन, म्हणजे वरचे पैसे भरून घेतलेली जादा कव्हरं, सगळीकडं सारखे ठेवा. नाहीतर एजंट आयडीव्ही पन्नास हजारांनी खाली ओढतो, प्रीमियम कमी दिसतो, आपण खूश, आणि गाडी चोरीला गेली की मग कळतं काय झालंय ते.

आता मम्मीच्या नावाचं. वहिनीकडं लायसन्सच नाही. मालक स्वतः चालवत असेल तर त्याच्यासाठी १५ लाखांचं पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर असतं, ते मालकाकडं लायसन्स असेल तरच लागू. म्हणजे गाडी वहिनीच्या नावावर, चालवणार पोरगा, तर वहिनीला ते कव्हर नाही कारण लायसन्स नाही, आणि पोराला नाही कारण तो मालक नाही. असली तर चार-पाचशेची सूट, त्यापायी १५ लाखांवर पाणी. तरी आईच्या नावावर घ्यायचीच असेल तर चालवणाऱ्याचं वेगळं अपघात कव्हर काढा. आणि अठराच्या आतल्या पोराच्या हातात किल्ली देणाऱ्यांनी हे पण ऐका, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, वर गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. क्लेमचं तर नावच काढू नका.

नोकरी-धंद्याचा खरा परिणाम मात्र प्रीमियमवर कमी आणि क्लेमवर जास्त होतो, आणि हे कुणी समजावून सांगत नाही. प्रायव्हेट कारच्या पॉलिसीत गाडी कशासाठी वापरायची ते लिहिलेलं असतं. भाडं मारायचं नाही, सॅम्पल सोडून माल वाहायचा नाही, शर्यत नाही, गाड्या खरेदी-विक्रीच्या धंद्यासाठी वापरायची नाही. म्हणजे एमआर डिकीत औषधांची सॅम्पल घेऊन गडहिंग्लजला गेला तर चालतंय, पण मागची सीट पाडून गुळाच्या ढेपा भरल्या, नाहीतर पांढऱ्या पाटीवर, म्हणजे खासगी गाडीनं, जोतिबाला पैसे घेऊन पॅसेंजर नेले आणि वाटेत ठोकली, तर कंपनी हात वर करू शकते. तिथं फॉर्मवर ‘प्रोफेशन’ काय लिहिलं होतं याला काही अर्थ उरत नाही. तसा धंदा असेल तर सरळ कमर्शियल घ्या, महाग पडतं पण पडू दे.

रिटायर झालेल्यांना वयाची सूट मिळो न मिळो, किलोमीटरची मिळू शकते. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या इर्डाने २०२२ मध्ये ‘जेवढी चालवाल तेवढे पैसे’ प्रकारच्या ॲडऑनला परवानगी दिलीय. गाडी फक्त आठवड्यातनं एकदा अंबाबाईला आणि सणाला गावाकडं जात असेल तर हे विचारून बघा.

आणि वय, नोकरी सगळं बाजूला ठेवा, पैसे वाचतात ते एनसीबीत, म्हणजे नो क्लेम बोनसमध्ये. क्लेम नसेल तर दर वर्षी २०, २५, ३५, ४५ करत ५० टक्क्यांपर्यंत सूट, ती पण ओन डॅमेजवर. मी स्वतः बंपरसाठी क्लेम करून गाढवपणा केलाय. बंपर ४,५०० चा, प्लास्टिक म्हणून निम्मे गेले, १,००० आपल्या खिशातनं, हातात आले १,२५०. आणि पुढच्या वर्षी ४५ टक्क्यांवरनं थेट शून्य, म्हणजे त्याच्या कितीतरी पट घालवले. सर्व्हे करायला आलेला माणूस यातलं एक अक्षर बोलला नाही. एनसीबी माणसाची असते, गाडीची नाही, म्हणून जुनी गाडी विकताना कंपनीकडनं एनसीबीचं पत्र घेऊन ठेवा, नवीन गाडीला चालते. बापानं पोराला गाडी दिली म्हणून मात्र ती मिळत नाही, मालक वारल्यावर वारसाला मिळते एवढंच. आणि पॉलिसी संपल्यावर रिन्यू न करता ९० दिवस उलटले की एनसीबी गेलीच.

पुतण्याचं मग असं ठरलं की गाडी त्याच्याच नावावर. त्याचं घर शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरजवळ, २०१९ ला आणि परत २०२१ ला तिथं पुराचं पाणी आलेलं, त्यामुळं बाकीच्या ॲडऑनमधनं काट मारली तरी इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाणी शिरून इंजिन बिघडलं तर त्याचं कव्हर, ठेवलं. आणि त्याला बजावलंय, गाडी पाण्यात बुडली की चावी फिरवून स्टार्ट करून बघायची नाही, टो करूनच आणायची.