सुपातल्या दहा वस्तू

पावसाळी दुपारी पडवीत बसून आम्ही मांडलेल्या वस्तू बघून, झाकून मग आठवण्याचा हा खेळ खेळायचो. मांडलेल्या वस्तूंतलं आमसूल आजीला कधीच आठवायचं नाही. विसरायला लागली, असं घरात सगळ्यांनीच धरून चाललं होतं. तपासल्यावर मोतीबिंदू निघाला. काळपट पाटावरचं काळं आमसूल तिला दिसतच नव्हतं!

म्हणून सुरुवात डोळ्यांपासून करा. चाळिशीनंतर वर्षा-दोन वर्षांनी तपासणी हवी. मधुमेह असेल तर दरवर्षी, आणि तेव्हा थेंब घालून डोळ्याचा पडदाही बघून घ्या. चष्मा असेल तर तो लावूनच खेळायला बसा.

सुपात पांढरं कापड अंथरून घरातल्याच वस्तू मांडा: सुपारी, जायफळ, काजूबी, आमसूल, शिंपला, अडकित्ता, किल्ली, नाणं. आधी सहा, जमू लागलं की दहा. झाकण्यापूर्वी खेळणाऱ्याला प्रत्येक वस्तूचं नाव मोठ्याने घ्यायला लावा. जायफळाला सुपारी म्हटलं, तर आधी नजर तपासायला हवी. मग अर्धा मिनिट बघू द्या, पंच्याने झाका आणि आठवतील तेवढ्या वस्तू सांगायला सांगा.

एका वेळी मनात साधारण तीन-चार सुट्या वस्तूच राहतात. त्यामुळे जोड्या लावायला शिकवा: अडकित्ता आणि सुपारी एकत्र, शिंपला वरच्या कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी पंच्याखालून एक वस्तू गुपचूप काढा, दोन वस्तूंच्या जागा बदला, आणि काय बदललं ते विचारा. रात्री जेवणं झाल्यावर, सूप न दाखवता, पुन्हा एकदा विचारा. हे बहुतेक जण करत नाहीत, पण निसटू लागलेलं आठवून काढलं की ते अधिक पक्कं बसतं.

सुपाचा कंटाळा आला तर ठिपक्यांची छोटी रांगोळी नीट बघा, पुसा आणि मनातून काढा. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा (जुन्या पद्धतीचे पत्ते) मिळाली तर फारच छान. गोल पानं, दहा अवतारांची प्रत्येकी 12, म्हणजे एकूण 120. कोणतं पान पडून गेलं हे ध्यानात ठेवल्याशिवाय डाव हाती येत नाही.

या खेळांनी चष्म्याचा नंबर उतरत नाही, हे मात्र लक्षात असू द्या. ते शक्यतो मोबाइलवर खेळू नका, कारण पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. जवळचं बारीक काम करताना दर 20 मिनिटांनी 20 सेकंद निदान 20 फुटांवर, अंगणापलीकडच्या पोफळीकडे बघा. मुलांना रोज दोनेक तास उजेडात बाहेर खेळू द्या, त्याने लांबचं अंधुक दिसण्याचा धोका कमी होतो. भर उन्हात पुळणीवर किंवा होडीत टोपी आणि अतिनील किरण अडवणारा गॉगल घाला.

एकाएकी कमी दिसू लागलं, डोळ्यांसमोर वीज चमकल्यासारखं झालं किंवा पडदा सरकल्यासारखा वाटला, तर हातातलं काम टाकून त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा.