चारशे मिलियन बाटल्या

"म्हणजे अख्ख्या बाजारात खपतं त्याहून जास्त पाणी तुम्ही एकटेच विकणार?" समोर बसलेले कन्सल्टिंग फर्मचे पार्टनर हसत म्हणाले. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

एमबीएच्या प्लेसमेंटचा पहिला दिवस, सकाळी साडेसात. केस, म्हणजे इंटरव्ह्यूत सोडवायला दिलेला धंद्याचा प्रश्न, अमेरिकेतल्या बाटलीबंद पाण्याच्या कंपनीची: नवा प्लँट टाकावा की नाही. वर्षाचा स्थिर खर्च १८ मिलियन डॉलर. बाटली १ डॉलर २० सेंटला जाते, त्यातले ७५ सेंट ती बनवून दुकानात पोचवण्यात जातात. त्या भागातला एकूण खप वर्षाला २५० मिलियन बाटल्या. ब्रेकइव्हनला, म्हणजे ना नफा ना तोटा व्हायला, किती बाटल्या विकाव्या लागतील?

बाटलीमागे सुटतात ४५ सेंट. १८ मिलियनला ०.४५ ने भागायचं. शाळकरी पोर करेल. मी पूर्ण आत्मविश्वासाने म्हणालो, चारशे मिलियन. बरोबर उत्तर ४० मिलियन. आणि २५० मिलियनचा खप माझ्याच कागदावर, माझ्याच अक्षरात, वर लिहिलेला होता.

आता जरा पाल्हाळ लावतो, कारण बाकीचं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. माझा भागाकार चुकला नव्हता. मी १८ मिलियनचे मनात १ कोटी ८० लाख केले, कारण आपलं डोकं लाख-कोटीतच चालतं. भागून आले ४ कोटी. अगदी बरोबर. मग ते परत मिलियनमध्ये न्यायचे होते. एक कोटी म्हणजे १० मिलियन, हे मला झोपेतही येतं. पण आदल्या रात्री 'एक बिलियन म्हणजे शंभर कोटी' असं इतकं घोकलं होतं की तोंडातून शंभरपट निघालं. एकाच गणितात मी दोनदा वेस ओलांडली, जाताना नीट गेलो आणि येताना पडलो. घाईत, घाम आलेला असताना, कोणीतरी टक लावून बघत असताना हे होतंच. तुम्ही हुशार असाल, तरी होतं.

म्हणून माझा एकच हट्ट: केस ज्या एककात आली त्याच एककात मरेपर्यंत राहा. डॉलर-मिलियनची केस असेल तर कागदावर कोटी उमटता कामा नये. आणि शून्यं लिहूच नका. कागद आडवा धरा, १८ च्या पुढे 'मि' लिहा आणि तो 'मि' शेवटच्या ओळीपर्यंत ओढत न्या. १८ मि भागिले ०.४५, वर-खाली शंभरने गुणा, १८०० भागिले ४५, म्हणजे ४०. शेजारी 'मि' आहेच. शून्यं मोजायची वेळच येत नाही. हजार गुणिले हजार मिलियन, हजार गुणिले मिलियन बिलियन, एवढं तोंडपाठ हवं. रुपयांच्या केससाठी वेगळा संच: हजार गुणिले लाख म्हणजे दहा कोटी, लाख गुणिले लाख म्हणजे हजार कोटी. दोन्ही संच वेगवेगळ्या दिवशी पाठ करा. मी एकाच रात्री केले, त्याचं फळ वर सांगितलंच.

दुसरं, उत्तर तोंडातून काढण्याआधी दोन सेकंद थांबा आणि ते कशाच्या तरी शेजारी ठेवून बघा. ४० मिलियन म्हणजे २५० मिलियनचे १६ टक्के. नव्या प्लँटला बाजाराचा सहावा-सातवा हिस्सा मिळवावा लागेल, जमेल का? हा प्रश्न तुम्ही स्वतःहून काढलात की अर्धी केस तिथेच झाली. नुसता आकडा सांगून गप्प बसलात तर "बरं, मग?" ऐकायची तयारी ठेवा. भारतातल्या केससाठी तीन आकडे खिशात असू द्या: २०११ च्या जनगणनेत देश १२१ कोटी, महाराष्ट्र सव्वाअकरा कोटी, बृहन्मुंबई सव्वा कोटीच्या आसपास. जुने आहेत, पण अंदाज बांधताना 'जनगणना २०११, वर थोडी वाढ धरतो' म्हटलेलं कोणालाही चालतं.

आकड्यांना गोल करताना आधी विचारून घ्या, सहसा कोणी नाही म्हणत नाही. पण दिशा सांभाळा. गुणाकारात एक वर, एक खाली: ४८७ गुणिले २१ ऐवजी ५०० गुणिले २० धरलं तर १०,०००, खरं उत्तर १०,२२७. चालून जातं. भागाकारात मात्र दोन्ही एकाच बाजूला न्यायचे. ४८७ भागिले २१ ला ५०० भागिले २० केलंत तर २५ येतात, खरे २३ च्या जरासे वर. ४८० भागिले २० केलंत तर २४. मार्जिन (विक्रीतला नफ्याचा हिस्सा) १२ वरून १५ टक्क्यांवर गेलं तर ते 'तीन टक्के वाढलं' म्हणू नका. वाढ तीन टक्केबिंदूंची आहे, टक्क्यांत सांगायची तर २५.

शॉर्टकटांबद्दल: झटपट गणिताचा एक महागडा वीकेंड क्लास मी केला. तीन आकडी संख्येचा वर्ग चार सेकंदांत काढता येतो आता. कोणी विचारलेला नाही. त्यापेक्षा आजोबांनी लहानपणी छडीच्या धाकाने पाठ करून घेतलेली पाऊणकी आणि दिडकी (पाऊणपट-दीडपटीचे पाढे) कामाला आली. २८ चे ७५ टक्के म्हटलं की 'अठ्ठावीस पाऊणे एकवीस' आपोआप येतं. सातवा हिस्सा १४.३ टक्के, सहावा १६.७, आठवा १२.५, एवढे अपूर्णांक आणि ७२ चा नियम (९ टक्क्यांनी वाढलं तर आठ वर्षांत दुप्पट), बस्स.

तासाला पैसे घेऊन मॉक, म्हणजे सरावाचे इंटरव्ह्यू, घेणाऱ्या मार्गदर्शकांबद्दल माझं मत चांगलं नाही. ज्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं तो हॉस्टेलमधला रूममेट, कॉमर्सचा, स्वतः कन्सल्टिंगला न बसलेला. तो फक्त घड्याळ लावायचा आणि मी दहा सेकंदांहून जास्त गप्प बसलो की पेनाने टेबल वाजवायचा. गणित करताना बोलायची सवय त्या टकटकीने लागली. तुम्ही बोलत असाल तर समोरचा चूक वाटेतच पकडतो, कित्येकदा सुधारायलाही देतो. गप्प राहून चुकलात तर मात्र सगळं एकदमच कोसळतं.

घाबरू नका, गणित दहावीच्या पुढचं नसतं. पण 'मी इंजिनिअर आहे, मला काय गरज' असं वाटत असेल तर मात्र घाबरा. मी तसाच होतो. इंजिनिअरिंगची चार वर्षं हातात कॅल्क्युलेटर होता. रोज वीस मिनिटं, कागद-पेन, सहा आठवडे. पेपरातले कंपन्यांचे तिमाही निकाल घ्या आणि वाढ, मार्जिन, हिस्सा काढत बसा. डोंबिवली ते ठाणे लोकलमध्ये उभ्याने करून बघा. तिथल्या धक्क्यांत जमलं तर इंटरव्ह्यूच्या एसी खोलीत जमेल.

त्या दिवशी दुपारी दुसऱ्या एका फर्मची केस होती, रुपयांत. पहिला आकडा ऐकला आणि कागदाच्या कोपऱ्यात आधी मोठ्ठा 'को' लिहून त्याभोवती गोल काढला. समोरच्या बाईंनी विचारलं, हे काय? म्हटलं, सकाळी महागात पडलंय.