आजोबांची काळी ट्रंक उघडताय? आधी या चुका टाळा

आमच्याकडे साताऱ्यात तुम्हाला बऱ्याच घरांच्या माळ्यावर काळी पत्र्याची ट्रंक दिसेल, वर पांढऱ्या पेंटनं नंबर, रँक, नाव आणि पलटण लिहिलेली. आमच्याही घरात आहे. पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होते आणि आबा दुसऱ्या महायुद्धात इटलीला. आबा गेल्यावर तेराव्यानंतर सगळ्यांनी मिळून ती ट्रंक उघडली आणि पुढच्या दोन दिवसांत आम्ही मायेपोटी जे काही करून बसलो त्यातलं बरंचसं आता परत आणता येत नाही. म्हणून हे लिहितोय, तुमच्याकडं अजून वेळ असेल तर.

पदकं घासू नका

पहिली चूक हीच. काकूंनी पणजोबांची पदकं चिंच आणि राखेनं घासली, देवाची भांडी घासतो तशी. एकदम चकचकीत झाली, सगळे खूश. पण पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर सैनिकाचा नंबर, रँक, नाव आणि पलटण बारीक अक्षरात ठोकलेली असते (१९१४-१५ च्या स्टारवर, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर, ती मागच्या बाजूला असते), आणि दर वेळी घासलं की ती अक्षरं थोडी थोडी झिजतात. आमच्या एका पदकावर आता नंबरचे शेवटचे दोन आकडे भिंगातून पण लागत नाहीत. नाव गेलं की ते पदक कुणाचंही होतं, मग आपल्या माणसाचं म्हणून त्यात उरतं काय?

काळपट थर तसाच राहू द्या. मऊ सुती कापडानं धूळ टिपा, हात लावायचा तर कडेनं धरा, घामाचे डाग धातूत बसतात. हिरवी भुकटी दिसायला लागली तर ते कळकणं आहे, ते पदक बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि ओल कुठून येते ते बघा. बहुतेक वेळा दोषी असतो तो मऊ प्लास्टिकचा पाऊच किंवा नाण्यांचा स्वस्त अल्बम, पीव्हीसी प्लास्टिक जुनं झालं की त्यातून आम्ल सुटतं आणि पितळ-तांबं हिरवं पडतं. पदकाची फीत धुवायची नाही, इस्त्री पण नाही. फितीच्या रंगावरून मोहीम ओळखता येते, इटली स्टारची फीत लाल-पांढरी-हिरवी, इटलीच्या झेंड्याच्या रंगांची, आणि उन्हात भिंतीवर टांगली की ही ओळख काही वर्षांत विटून जाते.

सोनाराकडं नेऊ नका

पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल लढणाऱ्या सैनिकांना चांदीचं मिळायचं, त्यामुळं अडचणीच्या काळात कितीतरी पदकं वितळवली गेली आणि त्याबद्दल मी कुणाला दोष देणार नाही, पोटाची गोष्ट होती. पण आज कुणी निव्वळ उत्सुकतेपोटी घासून बघत असेल तर थांबा. दुसऱ्या महायुद्धाचं वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं आहे आणि स्टार तांबं-जस्ताचे, चांदी निघायचीच नाही, ओरखडा मात्र कायमचा.

तसंच नोटांचं. बर्माहून आलेल्या जपानी सरकारच्या रुपयाच्या नोटा किंवा इटलीहून आलेल्या मित्रराष्ट्रांच्या लष्करी लिरा खूप घरांत सापडतात आणि लगेच कुणीतरी म्हणतं लाखाला जाईल. त्या युद्धकाळात ढिगानं छापलेल्या होत्या, बाजारात साध्या नोटेला किरकोळ किंमत मिळते, मग घरातच राहू दे ना. एक मात्र लक्षात ठेवा, शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते, म्हणजे मेसोपोटेमियातून आलेलं काही परदेशातल्या गिऱ्हाइकाला कुरिअरनं पाठवायच्या भानगडीत पडू नका.

गोळी सापडली तर

इथं मी अजिबात गंमत करत नाहीये. ट्रंकेत जिवंत काडतूस, हातबॉम्ब, फ्यूज असं काही दिसलं किंवा नुसती शंका जरी आली तर हलवू नका, घासू नका, फोटोसाठी हातात घेऊ नका. गंजल्यामुळं ते निकामी झालेलं नसतं, उलट जास्त बेभरवशाचं झालेलं असू शकतं. पोरांना खोलीबाहेर काढा आणि ११२ ला फोन लावा, बॉम्ब शोधक-नाशक पथक येऊन बघेल. रिकामी पुंगळी आहे की भरलेली हे घरच्या घरी ठरवायचं नाही. पिस्तूल, रायफल असेल तर ते शस्त्र कायद्याचं प्रकरण आहे, आजोबांचं लायसन आजोबांबरोबर संपलं, वारसानं ते पोलीस ठाण्यात जमा करून पुढची प्रक्रिया करायची असते. संगीन पण या नियमांत येते, तेव्हा ठाण्यात विचारून घ्या. ठेवायची परवानगी मिळाली तर चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पातं आतल्या आत गंजतं.

कागद आणि कापड

लॅमिनेशन करू नका, करू नका, करू नका. डिस्चार्ज बुक, पत्रं, पलटणीचा ग्रुप फोटो, हे एकदा लॅमिनेट झालं की नीट सोडवता येत नाही. सेलोटेप नको, रबरबँड नको, वर्तमानपत्रात गुंडाळणं तर नकोच. फोटोच्या मागं नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीनं, बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो. लोकरी ग्रेटकोट पावसाळ्यानंतर सावलीत हवेवर टाका, कसर लागलीय का ते शिवणीत आणि कॉलरखाली बघा. डांबराच्या गोळ्या प्लास्टिकच्या वस्तूंजवळ टाकू नका, काही प्लास्टिक त्यानं मऊ पडतं. आणि ट्रंकेला नवा रंग देऊ नका! आमच्या चुलत्यांनी दिला, छान निळा ऑइलपेंट, आणि पलटणीचं नाव त्याखाली गेलं.

जपानी झेंडा सापडला तर

५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची ४ थी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला जपान्यांशी लढली, त्यामुळं आपल्याकडच्या एखाद्या घरात असं कापड निघणं अशक्य नाही, मधे लाल गोळा आणि भोवती शाईनं लिहिलेली अक्षरं. ते शत्रूच्या पलटणीचं निशाण नसतं, जपानी पोरगा लढाईला निघताना घरच्यांनी, शेजाऱ्यांनी सह्या करून दिलेलं असतं. धुवू नका, शाई पसरते. स्वच्छ फोटो काढून जपानी वाचणाऱ्याला दाखवा. अमेरिकेतली ओबोन सोसायटी असे झेंडे त्या कुटुंबांकडं परत पोचवायचं काम करते. द्यायचं की नाही हे तुमच्या घरानं ठरवावं, मला विचाराल तर मी देईन, तिकडं पण कुणाचा तरी आबा परत आला नाही.

माहिती सापडत नाही?

इंग्रजी स्पेलिंग एकच धरून शोधू नका. कारकुनानं ऐकलं तसं लिहिलं, त्यामुळं एकाच आडनावाची चार स्पेलिंग सापडतात, जाधव, शिंदे, घाडगे सगळ्यांची तीच गत. नंबर आणि पलटण धरून शोधा. युद्धात गेलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेची यादी आहे, पण इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर आपल्या साध्या शिपायांची नावं कोरलीच नव्हती, नुसती पलटण आणि आकडा, तेव्हा तिथल्या भिंतीच्या फोटोत पणजोबांचं नाव नाही म्हणून ते तिकडं नव्हतेच असं समजू नका. मराठा असेल तर बेळगावचं रेजिमेंटल सेंटर, महार असेल तर मध्य प्रदेशातल्या सागरचं, आणि जवळचं म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय.

आणि सगळ्यात मोठी चूक, वस्तू जपायची आणि गोष्ट विचारायची नाही. १९७१ च्या युद्धात आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला १ मराठानं, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियननं वेढा घातला तेव्हा आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली आणि समोरच्या पाकिस्तानी कर्नलनं उत्तराच्या पत्राबरोबर बंदुकीची गोळी पाठवली. ते पत्र बाजूला काढा, मग ती गोळी हजार गोळ्यांतली एक. आबांच्या ट्रंकेत पण एक छोटं मेरीमातेचं पदक आहे, इटलीतलंच असणार, कुणी दिलं, जखमी असताना दिलं का, आबांनी ते जन्मभर पाकिटात का ठेवलं, वीस वर्षं एका घरात राहून मी विचारलं नाही.

७१ चे जवान आता पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढं आहेत. या रविवारी जा, मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवा, "युद्धाचं सांगा" म्हणू नका, कुणी बोलत नाही तसं विचारलं तर, एकेक वस्तू हातात द्या आणि विचारा, आबा, हे कुठलं? मग गप्प बसा आणि त्यांना वेळ द्या. जे सांगतील ते त्याच रात्री सुती चिठीवर पेन्सिलीनं लिहून त्या वस्तूला दोऱ्यानं बांधा, तारीख घालून.