सोन्याचा बेडूक नीट कसा बघायचा

कोस्टा रिका, पनामा, कोलंबियाकडची ती जुनी बेडकांची, पक्ष्यांची पेंडंट्स फोटोत दिसली की आपण "भारी आहे" म्हणून पुढे स्क्रोल करतो, तसं करू नका, फोटो मोठा करा.

आधी झिजलेली कड शोधा. तिथे लालसर झाक दिसली तर ते सोनं-तांबं मिश्रण, तुंबागा. गंमत म्हणजे हा शब्द स्पॅनिशमध्ये मलायमधून गेला आणि मलायमध्ये आपल्या 'ताम्र'वरून, म्हणजे तांब्याचाच नातेवाईक. आपला सोनार लगेच हीणकस म्हणेल, पण तिकडे तो हिशोबच नव्हता. सोनं वितळतं १०६४ अंशांना, तांबं १०८५ ला, पण ठरावीक प्रमाणात मिसळले की ९१० च्या आसपासच, आणि नळ्यांनी फुंकून निखारे फुलवणाऱ्याला हे केवढं सोयीचं!

मग वरून पिवळं कसं? मेणाचा बेडूक करायचा, त्यावर माती-कोळशाचा लेप द्यायचा, तापवून मेण काढायचं, धातू ओतायचा. नंतर तो बेडूक परत तापवला की वरचं तांबं काळं पडतं, ते आंबट रसाने काढून टाकायचं, असं पुन्हा पुन्हा केलं की वर सोनंच उरतं, मग घासून चकाकी आणायची. मुलामा नाहीच, उलट तांबं काढलंय.

आता पाय बघा. कोस्टा रिकाच्या दक्षिणेकडच्या दिकीस भागातल्या बेडकांचे मागचे पाय चपट्या पत्र्यासारखे पसरट असतात, असा बेडूक डबक्यात मिळणार नाही. काहींच्या तोंडातून दोन्ही बाजूंना साप निघतात. बेडूक म्हणजे पाऊस असा अर्थ सर्रास लावतात, पटतोही, पण मला तेवढ्यावर थांबणं आळशीपणा वाटतो, कारण साप ओकणारा बेडूक नुसता पावसाचा कसा असेल? माणसाचं अंग आणि प्राण्याचं तोंड असलेलीही पेंडंट्स आहेत, त्यांवरून अभ्यासक शामान, म्हणजे रूप बदलून दुसऱ्या जगात जाणारा जाणकार, इथपर्यंत पोचतात.

पक्षी दिसला तर संग्रहालयाच्या पाटीवरच्या 'गरुड' शब्दावर लगेच विश्वास ठेवू नका. १५०२ मध्ये कोलंबस त्या किनाऱ्याला लागला तेव्हा लोकांच्या गळ्यातल्या पक्ष्यांना स्पॅनिशांनी गरुड म्हटलं आणि तेच नाव चिकटलं, चोच बघाल तर काही चक्क गिधाडं वाटतात.

मागची बाजू दाखवली असेल तर दोरा ओवायची कडी शोधा. आणि बेडकाचे डोळे पोकळ आहेत का बघा, काहींच्या डोळ्यांत खडे असतात, चालताना ते वाजायचे.