अद्भुतरम्य कादंबरीमाला कशी वाचावी, कशी पारखावी

जी कादंबरी आपल्या ओळखीच्या जगात घडते, तिच्या लेखकाला पुष्कळ गोष्टी आयत्या मिळतात. जळगावात मे महिन्यात उन्हाने जीव नकोसा होतो, गिरणेला पाणी सुटले की काठच्या गावांत हालचाल सुरू होते, कापसाचा भाव पडला की घरातले खर्च पुढे ढकलले जातात, हे वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. अद्भुतरम्य कादंबरीच्या लेखकाला यातले काहीच आयते मिळत नाही. ऋतू, नद्या, देव, कायदे, चलन, मृत्यूचे नियम हे सगळे स्वतः घडवावे लागते आणि घडवलेले शेवटच्या पानापर्यंत सांभाळावे लागते. म्हणून या कादंबऱ्यांना मुलांची पुस्तके समजून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते, आणि त्यांत जादू आहे म्हणून काहीही चालेल असे मानणे त्याहून अधिक अन्यायाचे वाटते. मराठी कादंबरीच्या पहिल्या दशकांत अद्भुताचेच राज्य होते; १८६१ सालची ‘मुक्तामाला’ त्याच वळणाची. पुढे वि. का. राजवाडे यांनी १९०२ मधल्या ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुत आणि वास्तव या दोन्ही प्रवृत्तींचा गंभीरपणे विचार केला. ज्या धुळ्यात राजवाड्यांचे १९२६ मध्ये निधन झाले आणि जिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे आहे, त्या धुळ्याच्या आसपासच्या वाचकांनी तरी हा विषय हलका मानू नये.

वाचनाला सुरुवात करण्यापूर्वी मालेची चौकशी करावी. एकूण खंड किती, माला पूर्ण झाली आहे का, आणि आपल्या वाचनालयात सगळे खंड आहेत का, हे तीन प्रश्न साधे आहेत. पण ते न विचारल्यामुळे तालुक्याच्या गावी कित्येक वाचक दुसऱ्या खंडापाशी अडकून पडतात. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मालेचा पहिला खंड १९९६ मध्ये आला, पाचवा २०११ मध्ये, आणि सहाव्याची वाट वाचक वर्षानुवर्षे पाहत राहिले. रॉबर्ट जॉर्डन यांची माला १९९० मध्ये सुरू झाली, २००७ मध्ये लेखकाचे निधन झाले, आणि त्यांच्या टिपणांच्या आधारे ब्रँडन सँडरसन यांनी ती २०१३ मध्ये चौदाव्या खंडापर्यंत नेऊन पूर्ण केली. अपूर्ण माला वाचू नये असे माझे म्हणणे नाही. मात्र तिच्याविषयीचे मतही तात्पुरते असते, हे लक्षात ठेवून ते मांडावे.

त्यानंतर अद्भुत या कथेत कोणत्या वाटेने येते, ते पाहावे. फराह मेंडलसोन यांनी २००८ च्या आपल्या अभ्यासग्रंथात याच प्रश्नावरून चार प्रकार मांडले आहेत. काही कथांत नायक आपले जग सोडून दुसऱ्या जगात जातो किंवा शोधयात्रेला निघतो. काहींत आपण पहिल्या ओळीपासून त्या जगाचेच रहिवासी असतो. काहींत अद्भुत आपल्या नेहमीच्या जगात घुसते. आणि काहींत ते उंबरठ्यावरच रेंगाळते, आहे की नाही याचा निर्णय होत नाही. हे ठाऊक असले की भलती अपेक्षा ठेवून पुस्तकावर राग धरण्याची वेळ येत नाही. पहिल्या प्रकारात नायकाबरोबर वाचकालाही सगळे समजावून सांगितले जाणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या प्रकारात मात्र एक पात्र दुसऱ्याला दोघांनाही माहीत असलेली गोष्ट लांबलचक सांगू लागले, तर ती उणीव म्हणून टिपून ठेवावी.

माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष द्यायचे ते नियमाकडे आणि किमतीकडे. यासाठी खानदेशातल्या वाचकाला दूर जायला नको. महाभारताच्या सौप्तिकपर्वात अश्वत्थाम्याला तीन हजार वर्षे एकाकी भटकण्याचा शाप मिळतो. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी भागातल्या अस्तंबा शिखरावर त्याच्या नावाने दिवाळीत यात्रा भरते, आणि सातपुड्यात तो वाट चुकलेल्यांना वाट दाखवतो, जखमेसाठी तेल मागतो, असे सांगतात. या कथेचे बळ कशात आहे? अमरत्व मिळाले, पण जखम भरत नाही. शक्ती आहे, पण तेलासाठी दुसऱ्यापुढे हात पसरावा लागतो. अद्भुताला मर्यादा आहे आणि ती मर्यादाच माणसाच्या मनाला भिडते. कादंबरी वाचताना हेच विचारावे: ही जादू कोणाला येते, कोणाला येत नाही, ती वापरणाऱ्याचे काय खर्ची पडते, आणि हा खर्च लेखकाच्या सोयीने मध्येच माफ तर होत नाही ना?

सँडरसन यांनी या बाबतीत एक उपयुक्त नियम मांडला आहे: वाचकाला जादू जितकी नीट समजलेली असेल, तितक्याच प्रमाणात लेखकाला तिच्या साहाय्याने कथेतला पेच समाधानकारकपणे सोडवता येतो. जादू गूढच ठेवायलाही हरकत नाही, कारण गूढतेने विस्मय आणि भय निर्माण होते. मात्र मग तिने ऐन वेळी नायकाची सुटका करू नये. उर्सुला के. ल ग्विन यांच्या १९६८ च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीत वस्तूचे खरे नाव कळणे म्हणजे तिच्यावर सत्ता मिळणे, हा नियम आरंभीच कळतो आणि शेवटचा पेच नेमक्या त्याच नियमाने सुटतो. शेवट अनपेक्षित वाटतो आणि तरीही मागे वळून पाहिल्यावर दुसरा शेवट संभवत नाही. मी तरी यालाच रचनेचे यश मानतो. याउलट, तिसऱ्या खंडाच्या अखेरीस अचानक एखादी विस्मृतीत गेलेली शक्ती जागी झाली आणि तिचा मागमूसही आधीच्या हजार पानांत नसला, तर भाषा कितीही सुंदर असो, तो दोष मोठाच आहे.

दुसरी परीक्षा पोटाची आणि रस्त्याची. काल्पनिक राज्यात लाखोंचे सैन्य चालते, पण ते खाते काय, धान्य कुठून येते, नदी कुठे ओलांडते, हे लेखकाला ठाऊक आहे का? खानदेशातला असीरगड १६०१ मध्ये अकबराच्या हाती आला तो कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर. वेढा म्हणजे वैरण, पाणी, रोगराई आणि फितुरी यांचीच कथा असते. कादंबरीत या सगळ्याचा तपशीलवार हिशोब असावा असा आग्रह नाही, परंतु एखाद्या वाक्यातून तो जाणवला पाहिजे. आरंभी दिलेला नकाशाही याच दृष्टीने पाहावा. त्यावरच्या नद्या, डोंगर आणि खिंडी कथेत अडथळा होतात की केवळ शोभेला आहेत, हे दोनतीन प्रवासांतच कळते.

बोलीचेही तसेच. आपल्याकडे तापीच्या खोऱ्यात अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, सातपुड्यात भिली आणि पावरी. चार वाक्ये ऐकली की माणूस कुठला ते बहुधा ओळखू येते. ज्या कादंबरीत सात राज्ये आहेत आणि साती राज्यांतला राजा, नावाडी व भिक्षेकरी एकाच सुरात बोलतात, तिथे राज्ये फक्त नकाशावर आहेत.

आता ज्या प्रश्नाकडे वाचक सहसा दुर्लक्ष करतात, त्याकडे. अनेक मालांत एखादी संपूर्ण जमात जन्मतःच दुष्ट दाखवलेली असते आणि तिच्या कत्तलीविषयी कोणाला काही वाटत नाही. खानदेशात १८२५ मध्ये इंग्रजांनी भिल्ल पलटण उभारली, त्या काळातल्या सरकारी लिखाणात डोंगरातल्या माणसांना सरसकट लुटारू म्हटले जात होते. पुढे १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्माने गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. या इतिहासाचे ओझे ज्यांच्या शेजारी आजही आहे, त्या वाचकांनी असे लेखन सहजपणे नजरेआड करू नये. शत्रूला भाषा आहे का, घर आहे का, त्यांच्यातला एखादा तरी वेगळा निर्णय घेऊ शकतो का, हे पाहावे. ल ग्विन यांनी अर्थसीची पहिली तीन पुस्तके १९७२ पर्यंत पूर्ण केली आणि १९९० मध्ये चौथे लिहिताना त्याच जगाकडे बायकांच्या आणि सत्ता नसलेल्यांच्या बाजूने पुन्हा पाहिले. आपल्याच जगाला असे प्रश्न विचारणारी माला माझ्या लेखी फार वरच्या दर्जाची.

खंड मोजताना एक भेद करावा. टोल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघाली, पण ती मुळात एकच कादंबरी आहे. तिच्या पहिल्या खंडाला शेवट नाही अशी तक्रार करणे गैरलागू ठरते. ज्या मालेत प्रत्येक खंड स्वतंत्र पुस्तक म्हणून लिहिला आहे, तिथे मात्र प्रत्येकाने काहीतरी कायमचे बदलले पाहिजे. मधला खंड वाचून झाल्यावर विचारावे की तो गाळला असता तर पुढच्या खंडात काय कळले नसते. उत्तर फक्त दोन नावे आणि एक लढाई एवढेच आले, तर पसरटपणा स्पष्टच आहे.

वाचताना एक वही जवळ असू द्यावी. नावांची जंत्री फारशी उपयोगी पडत नाही, ती बहुधा पुस्तकातच असते. त्याऐवजी लेखकाने दिलेली वचने लिहावीत: कोणती भविष्यवाणी झाली, कोणते रहस्य पुढे ठेवले, कोणता नियम सांगितला, आणि कोणत्या पानावर. माला संपल्यावर प्रत्येक नोंदीपुढे ते वचन पाळले, मोडले की विसरले गेले, एवढे लिहिले की अर्धे परीक्षण तयार होते. मग पहिल्या खंडाचे पहिले प्रकरण पुन्हा वाचावे. चांगल्या मालेत तेव्हा साध्या वाटलेल्या वाक्यांचा अर्थ आता बदललेला असतो.

वाचनालयाच्या बैठकीत मत मांडताना आपण कितव्या खंडापर्यंत वाचले आहे ते आधी सांगावे, पहिल्या खंडाच्या पूर्वार्धापलीकडचे कथानक उघड करू नये, आणि आवड व गुणवत्ता वेगवेगळी मांडावी. एखादी माला सदोष असूनही प्रिय असू शकते. तसे स्पष्ट शब्दांत म्हणावे, आणि ज्या पानांमुळे ती प्रिय झाली, त्यांतले एखादे पान मोठ्याने वाचून दाखवावे.