जुन्या गाडीचं डेंटिंग आणि रंगाआधीची तयारी घरी कशी करावी: मुंबईच्या हवेसाठी

सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं कव्हरखाली उभी असलेली पद्मिनी किंवा मारुती ८०० पुन्हा रस्त्यावर आणायची, तर इंजिनाआधी पत्र्याचा प्रश्न येतो. रंगकाम चांगलं दिसणं हे बहुतांशी रंगाखालच्या तयारीवर ठरतं. ही तयारी वेळखाऊ असली तरी घरी करता येण्यासारखी आहे. शेवटचा रंग मात्र बूथ (स्प्रेसाठीची बंदिस्त खोली) असलेल्या गॅरेजमध्येच मारून घ्यावा. कारण पुढे येईलच.

मुंबईत हे काम करताना एक नियम सोडायचा नाही: सकाळी जेवढा पत्रा उघडाल, तेवढा संध्याकाळपर्यंत प्राइमरखाली झाका. इथल्या खाऱ्या, दमट हवेत घासून चकचकीत केलेल्या पत्र्यावर एका रात्रीत तांबूस झाक येते. डोळ्यांना जेमतेम दिसणारा हा गंज रंगाखाली वाढत राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात फोड येऊ लागतात. म्हणून पूर्ण गाडी एकदम सोलू नका. एक दरवाजा, मग एक मडगार्ड, असं पुढे जा.

कधी करायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर फक्त सामान जमवावं, काच-रबर-बंपर काढून ठेवावेत. हवेतलं तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र गाडीशेजारी ठेवा. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) किमान ३ अंशांनी जास्त हवं. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २६ च्या आसपास असतो, म्हणजे पत्रा २९ च्या खाली असेल तर प्राइमर लावू नये. तेच ३० अंश आणि ५० टक्क्यांना दवबिंदू १८-१९ वर उतरतो आणि काम निर्धास्त करता येतं. सकाळी दहाच्या आधी पत्रा थंड असतो, त्यावर न दिसणारा ओलावा असतो. सुरुवात दहानंतर करा, प्राइमरचा शेवटचा हात चारच्या आत आटपा.

सामान

हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट, जुन्या दरवाज्या-बॉनेटांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. चार इंची ग्राइंडर, वायर कप ब्रश, स्ट्रिप डिस्क (रंग-गंज काढणारी जाळीदार चकती), डेंटरची हातोडी आणि दोन-तीन आकारांच्या डॉल्या (पत्र्यामागे धरायचे लोखंडी ठोकळे), १२ ते १६ इंच लांबीचा सपाट ब्लॉक, ८०, १२०, १८०, ३२०, ४००, ६०० आणि ८०० नंबरचे घासायचे पेपर (नंबर मोठा तितका बारीक), हार्डनरसह पॉलिएस्टर पुट्टी, टू-के (हार्डनर मिसळून वापरायचा) इपॉक्सी प्राइमर आणि त्याचाच थिनर, पीयू (पॉलियुरेथेन) प्राइमर-सरफेसर म्हणजे रंगाआधीचा घासून सपाट करायचा थर, सांधे बुजवणारा सीम सीलर, ग्रीस काढणारं सॉल्व्हंट. लहान गाडीच्या बाहेरच्या अंगाला इपॉक्सीचे दोन हात द्यायला साधारण अडीच-तीन लिटर तयार मिश्रण लागतं. पुट्टीचा एक किलोचा डबा आणा. चार किलो लागायला लागली तर पत्रा ठोकून सरळ करण्यात कसूर झाली आहे असं समजा.

पुट्टीच्या धुळीसाठी एन-९५, सॉल्व्हंटसाठी ऑर्गॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क आणि नायट्राइल हातमोजे घ्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे तो घासताना मास्क काढू नका आणि पोरांना लांब ठेवा.

पहिली पायरी: धुणं, मग तपासणी

घासण्याआधी गाडी शाम्पूने धुवा, सुकवा आणि ग्रीस काढणाऱ्या सॉल्व्हंटने पुसा. क्रम उलटा झाला तर मेण आणि सिलिकॉन पेपरच्या ओरखड्यांत दाबलं जातं आणि पुढे रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. डॅशबोर्डला चकाकी आणणाऱ्या स्प्रेमध्ये सिलिकॉन असतं. तो स्प्रे या काळात गाडीजवळही नको. पुसताना दोन फडकी घ्या: एका ओल्या फडक्याने सॉल्व्हंट लावायचं आणि ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. रॉकेल वापरू नका, त्याचा तेलकट थर मागे राहतो.

आता लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे पकड सैल पडते तिथे खाली जाड पुट्टी आहे. दरवाज्यांचा तळ, चाकावरची कमान, दारांखालची पट्टी, पुढच्या-मागच्या काचेच्या रबराखालचा पत्रा, डिकीत स्टेपनीखालची जागा आणि पायपुसण्यांखालचा फ्लोअर या ठिकाणी स्क्रू-ड्रायव्हरने दाबून पाहा. टोक आत गेलं तर तिथे पत्रा उरलेला नाही. दरवाज्यांच्या तळाशी असलेली पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करा, कारण दरवाजा बहुतेक वेळा आतूनच कुजतो.

जुन्या रंगाची परीक्षा थिनरने होते. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा मिनिट रंगावर धरून चोळा. रंग फडक्यावर आला तर तो जुना एनसी किंवा सिंथेटिक आहे, आणि त्याच्यावर टू-के माल मारला की खालचा रंग सुरकुतून उठतो. असा रंग पूर्ण काढावा. फडकं स्वच्छ राहिलं आणि रंग घट्ट बसलेला असेल तर १८० ने घासून त्यावर काम करता येतं.

गंज

वरवरचा गंज स्ट्रिप डिस्कने जातो. फ्लॅप डिस्क (पेपरच्या पाकळ्यांची चकती) झटपट काम करते, पण पत्रा पातळ करते आणि तापवते. बॉनेट आणि छतासारख्या सपाट, पातळ भागावर ती लावली तर पत्रा ताणला जातो आणि दाबल्यावर डबडब आवाज करतो. ग्राइंडर एका जागी थांबवू नका, पत्रा हाताला चटका देण्याइतका तापला की दुसरीकडे सरका.

खड्ड्यांत रुतलेला काळा गंज वायर ब्रशने निघत नाही. तिथे फॉस्फोरिक आम्लाचं गंजनाशक ब्रशने लावा, डब्यावर लिहिलेला वेळ ठेवा, सुकू देऊ नका, पाण्याने धुऊन लगेच हीट गनने सुकवा. आम्लाचा अंश राहिला तर इपॉक्सी नीट पकडत नाही. गंजावर थेट मारायचे कन्व्हर्टर फ्लोअरच्या खालच्या बाजूला चालतात, दिसणाऱ्या भागात टाळावेत.

भोक पडलं असेल तर पुट्टी, फायबरची जाळी किंवा एमसील यांपैकी काहीही टिकत नाही, कारण मागच्या बाजूने ओल येतच राहते. कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापा आणि ०.८ ते ०.९ मिलिमीटर जाडीच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याचा तुकडा जोडा. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा नको, वेल्डिंगमध्ये जस्ताचा विषारी धूर निघतो. हे वेल्डिंग सोसायटीत करू नका. गॅरेजमध्ये सीओटू वेल्डिंगवाल्याकडून इंचाइंचावर टाके मारून घ्या, सलग रेघ नको. त्याआधी बॅटरी काढा आणि पेट्रोलची टाकी उतरवा. गॅस वेल्डिंगने आजूबाजूचा पत्रा वाकतो. पितळ वेल्डिंगमध्ये फ्लक्सचा अंश राहतो, तो ओल धरतो आणि नेमक्या त्याच रेषेवर रंग फुटतो. चारपैकी दोन दरवाजे खालून गेले असतील तर ठिगळं लावत बसण्यापेक्षा सीएसटी रोडवरून बरे दरवाजे आणणं शहाणपणाचं.

पोचे काढणं

पोचा पडताना जो भाग शेवटी दबला, तो आधी उचलायचा. मागे डॉली धरा आणि हातोडी डॉलीच्या बाजूला, उंचवट्यावर हलकी मारा. उंचवटा खाली जातो आणि डॉलीवरचा खोलगट भाग वर येतो. थेट डॉलीवर जोरात मारलं की पत्रा पातळ होऊन पसरतो, मग तो आवळणं हे डेंटरचंच काम. जोराच्या एका घावापेक्षा हलके वीस घाव मारा.

डोळ्यांवर विसंबू नका. हातात पातळ सुती मोजा घालून तळवा पूर्ण टेकवा आणि पॅनलवर लांब फिरवा, बोटांची टोकं खोटं सांगतात. टॉर्च पत्र्याला चिकटवून तिरका धरला की सावलीत उंच-सखल दिसतं. २ मिलिमीटरच्या आत आणलंत की पुरे. उंच भाग मात्र एकही राहता कामा नये, कारण खड्डा पुट्टीने भरता येतो, उंचवटा भरून लपत नाही.

इपॉक्सी आधी, पुट्टी नंतर

मोकळा पत्रा ८० ने घासा, पुसा आणि लगेच इपॉक्सी द्या. अनेक गॅरेजांत पुट्टी थेट पत्र्यावर भरतात. कोरड्या गावी ते खपून जातं. इथे पुट्टी घासण्यात दोन-तीन दिवस जातात आणि तेवढ्यात कडेचा उघडा पत्रा गंजतो. इपॉक्सी पाण्याला अडवतं, पुट्टी आणि सरफेसर पाणी शोषतात. गाडी मध्येच थांबवावी लागली तर ती इपॉक्सीच्या थरावर थांबवा, पुट्टीवर नाही. आम्लयुक्त एच (etch) प्राइमरवर पुट्टी भरू नका, ती नीट वाळत नाही.

मिश्रणाचं प्रमाण डब्यावरच्या माहितीप्रमाणे मापाच्या कपात घ्या, अंदाजाने नाही. बरेच इपॉक्सी मिसळल्यावर १५ ते ३० मिनिटं तसेच ठेवावे लागतात. चार इंची फोमच्या रोलरने दोन पातळ हात द्या, कोपऱ्यांत ब्रश. रोलरने धुके उडत नाही, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीवर ठिपके पडून भांडण होत नाही. दुसरा थर किती तासांत द्यायचा ती मुदत डब्यावर असते. ती उलटली तर १८० ने घासूनच पुढे जा.

पुट्टी

१०० ग्रॅम पुट्टीला २ ग्रॅम हार्डनर. त्यासाठी दागिन्यांचा छोटा डिजिटल काटा घ्या. उन्हाळ्यात १ ते १.५ ग्रॅम पुरतं. हार्डनर जास्त झाला तर पुट्टी लवकर सेट होते, पण उरलेलं पेरॉक्साइड पांढऱ्या किंवा फिकट रंगातून डाग बनून वर येतं. कमी पडला तर पुट्टी चिवट राहते, पूर्ण खरवडून काढावी लागते. ३० अंशांना हातात चारेक मिनिटं असतात, म्हणून एका वेळी लिंबाएवढीच मिसळा. पुठ्ठ्यावर मिसळू नका, तो रेझिन शोषतो. काच किंवा अॅक्रिलिकची पट्टी घ्या आणि पात्याने घडी घालत, दाबत एकरंगी करा. फेटली तर हवा शिरते आणि घासताना सुईच्या टोकाएवढी भोकं उघडतात.

पहिला हात जोर लावून, अगदी पातळ. दुसरा भरावाचा. पोच्याच्या कडेपलीकडे दोन-तीन इंच पसरवा. घासून झाल्यावर जाडी ३ मिलिमीटरच्या वर नको, जाड थर पत्र्याच्या कंपनाने तडकतो.

घासताना ८०, मग १२०, मग १८०, कायम ब्लॉकवर आणि तिरक्या फुलीच्या दिशेने. बोटांनी घासलं की बोटांच्या नाल्या पडतात आणि चकचकीत रंगात त्या लांबून दिसतात. आणि पुट्टीवर पाणी मारून घासू नका. बादली घेऊन बसायची सवय जवळपास सगळीकडे आहे, धूळ उडत नाही म्हणून सोयीची वाटते, पण पुट्टीत मुरलेलं पाणी प्राइमरखाली अडकतं आणि सहा महिन्यांनी फोड होऊन बाहेर येतं. कोरडंच घासा.

भोकांसाठी एनसी पुट्टी नको, ती सुकताना आकसते. हवेने धूळ उडवून पातळ पॉलिएस्टर ग्लेझिंग पुट्टी पात्याने दाबून भरा. कम्प्रेसर वापरत असाल तर टाकीचा खालचा नळ रोज उघडा, इथल्या हवेत त्यात पाणी साचतंच. घासताना पत्रा उघडा पडला असेल तिथे पुन्हा इपॉक्सी. मग दरवाज्यांच्या कडा आणि सांध्यांत सीम सीलर.

सरफेसर आणि शेवटची घासणी

पीयू सरफेसरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. वास येण्याआधीच ते फुफ्फुसांना इजा करू शकतं, एकदा त्याची अॅलर्जी बसली की थोड्या संपर्कानेही दमा उठतो, आणि साधा कार्ट्रिज मास्क स्प्रे करताना भरवशाचा नाही. घरी तो स्प्रे करू नका. शेवटचा रंग बूथमध्ये मारायचा तो याचसाठी. मोकळ्या हवेत, मास्क-मोजे घालून रोलरने दोन-तीन हात द्या किंवा एवढं काम गॅरेजकडे सोपवा. दमट दिवशी तर नकोच: आयसोसायनेट ओलाव्याशी मिसळून कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि थरात बुडबुडे राहतात.

पूर्ण सुकल्यावर काळी गाईड पावडर किंवा लांबून काळ्या स्प्रेचा हलका शिडकावा द्या. ब्लॉकवर ३२० आणि मग ४०० ने कोरडं घासा. काळं जिथे उरतं तिथे खोलगट आहे, जिथे प्राइमर आधी संपतो तिथे उंच. साधा रंग मारायचा असेल तर शेवट ६०० ने, मेटॅलिक असेल तर ८०० ने. ४०० चे ओरखडे मेटॅलिकखाली लपत नाहीत.

सरफेसर मारलेली गाडी पावसात किंवा दवात उघडी ठेवू नका, आठवड्याभरात रंगायला पाठवा. थिनरची फडकी बंद डब्यात ठेवा, उरलेला माल सोसायटीच्या गटारात ओतू नका. मूळ रंग बदलणार असाल तर आरसीवर नव्या रंगाची नोंद करून घ्यावी लागते, ते आरटीओचं काम आधी विचारून ठेवा. रंग वाळून गाडी परत आल्यावरच दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत आणि दरवाज्यांच्या आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळ जागांसाठीचं गंजरोधक मेण) मारा. आधी मारलं तर बूथच्या उष्णतेने ते वितळून ओघळतं आणि ताज्या रंगाखाली शिरतं.